लेबलं

महापूर ओसरल्यावर प्रयोगशाळेचं दार
चौघांनी खांदा लावून उघडलं.
खाली घोट्याएवढा गाळ.
बरण्या कपाटात उभ्याच होत्या,
अंबाल्याहून आलेल्या, झाकणाला मेण लावलेल्या,
फक्त लेबलं धुऊन गेलेली.
तारामासा, समुद्रघोडा, पट्टकृमी,
आणि तो बेडूक, माझ्याही आधीपासून नोकरीत असलेला.
विच्छेदनाच्या ट्रेमध्ये मात्र, साचलेल्या पाण्यात
एक मुठा. जिवंत. नांगी उगारून
'तुम्ही कोण?' असं आम्हालाच विचारणारा.

शिपाई म्हणाले, टाकू काय भाईर?
म्हटलं, राहू दे. पहिला तास त्याचाच.

तेवीस वर्षं मी चिखलीच्या पोरांना
कांगारूची पिशवी शिकवली,
पांढऱ्या अस्वलाची चरबी,
वाटाण्याच्या उंच-बुटक्या पिढ्या.
खिडकीबाहेर ऊस.
डोळ्यातून फुटणारा, कांड्याकांड्यानं चढणारा,
ज्याच्या पात्याच्या रेघोट्या
निम्म्या वर्गाच्या दंडावर असायच्या,
तो ऊस भूगोलात होता. नगदी पीक.

त्या वर्षी म्हटलं, बरण्या रिकाम्या समजा.
तुमच्या वाटेत जे भेटतं ते आणा.

आघाडा आला तो मोज्यांना चिकटूनच.
बीजप्रसाराचा धडा फळ्यापर्यंत पोचलाच नाही.

पल्लवी सातपुते बाभळीची साल आणि हिरडा घेऊन आली,
वडलांच्या चामडं भिजवायच्या कुंडीजवळचा.
तिच्या हाताला तोच वास, म्हणून
तिच्या बाकावर कुणी बसत नसे.
मी 'टॅनिन' एवढंच लिहिलं
आणि कातडं कुजत का नाही ते तिलाच सांगायला लावलं.
ती सांगत गेली. मी खडू खाली ठेवला.
बाक दुसऱ्या दिवशी भरला का?
नाही. दिवाळी उलटावी लागली.

सन्मती मगदूमनं,
बेडकाच्या तासाला जिचं हमखास पोट दुखायचं,
झाडाखालचं उंबर आणून फोडलं
आणि किंचाळून फेकलं.
मग तेच उचलून दुपारभर भिंगाखाली:
फुलं आत, इवल्या माश्या आत,
एक अख्खं घर, दाराच्या जागी टाचणीएवढं भोक.
"म्हणजे आमच्यात उंबर खात नाहीत
ते बरोबरच आहे, बाई."

केरबा भोई रिकाम्या हातानं उभा.
"मरळ आणणार हुतो. पण पिल्लं हायत तिची आता.
लालभडक, पाण्याला उकळी फुटल्यावानी.
खाली आय-बा दोघं राखणीला.
तसली आणाय येत न्हाई, बाई.
जाऊन बघाय लागतंय."

गेलो.
बेचाळीस पोरं ओढ्याच्या काठावर पोटावर पालथी
आणि कुणी कुणाला चिमटा काढेना.
लाल ठिपक्यांचा एक गोळा सरकत होता,
त्याखाली काळी सावली,
आमची सावली पडली की वर येणारी.
मी पदवीला प्राणिशास्त्र घेतलं होतं.
हे मी पहिल्यांदा पाहत होते.

सराव परीक्षेचे पेपर बाहेरच्या शाळेत तपासायला गेले.
पिल्लांचे संगोपन करणाऱ्या प्राण्याचे एक उदाहरण द्या.
एकेचाळीस जणांनी लिहिलं मरळ,
त्यावर लाल शाईची एकेचाळीस प्रश्नचिन्हं.
एकट्या केरबानं कांगारू लिहून गुण घेतला.

"का रे?"
तो चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.
"पेपर कुणाच्या हातात पडंल काय सांगावं, बाई.
गळ घिऊन आला म्हंजे?"

आता नवी लेबलं लिहितेय, बरू आणि काळी शाई.
बेडूक झाला. पट्टकृमी झाला.
तारामाशाची बरणी पुढ्यात घेऊन बसलेय.
ह्याचंही कुठलंसं गाव असणार, ओहोटीचं,
आणि तिथल्या पोरांना ठाऊक असलेलं एक नाव,
शिवाय, आणू नका, जाऊन बघा,
असं म्हणणारा कुणी.
त्याचं लेबल अजून कोरंच आहे.